बाथरूम गळतं

चावी कुलपात अर्धी फिरली होती, तेवढ्यात मालकीणबाईंनी पूर्ण नाव विचारलं.

"सुमेध सोनकांबळे," मी म्हणालो. चावी उलटी फिरली. "अगं बाई, विसरलेच! ह्यांनी कालच कुणाला तरी शब्द दिलाय." आम्ही दोघं बंद दाराबाहेर. बायकोच्या, रोहिणीच्या हातात भिंती मोजायला आणलेली टेप तशीच.

एजंट ढमालेला वगळून मी पहिल्यांदाच थेट मालकाकडे आलो होतो. त्याला वैतागलो होतो. फ्लॅटचा फोटो आवडला म्हणून कळवावं, तर संध्याकाळी ह्याचं ठरलेलं, "सोडा साहेब, बाथरूम गळतं तिथलं." वर्षभर हेच. तोंडावर म्हणालो होतो त्याला, तुम्हाला घर विकायचंय की नाही?

खाली उतरून त्यालाच फोन लावला, स्पीकरवर. "दारातनं हाकललं, ढमाले! आडनाव ऐकून!"

तो म्हणाला, "म्हणून तर आधी मी मालकांना फोन करायचो, साहेब. तुमचं नाव सांगून. काय ऐकायचं ते मीच ऐकायचो."

"म्हणजे ती बाथरूमं?"

"एकही गळत नव्हतं."

शिवी ओठांवर आली. कुणाला घालायची ते कळेना. अख्खं शहर समोर उभं होतं.

"रविवारी एक दाखवतो," ढमाले म्हणाला. "नाव ऐकूनही मालक हो म्हणालाय. पण आता खोटं बोलत नाही, घरात उजेड नाही. भरदुपारी दिवा लावावा लागतो."

रोहिणीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"किती वाजता येऊ, भाऊ?"