मंगळवारचा भाग

टीव्हीवरच्या मालिकेतला कारकून दिवसा मान खाली घालून काम करायचा आणि अंधार पडला की तोंडाला मफलर गुंडाळून बदमाशांना शिक्षा द्यायचा. दर मंगळवारी ती मालिका बघायला अंथुर्ण्यातली अख्खी आळी सारजाच्या घरी जमायची. पण या मंगळवारी गावातली लाईटच गेली.

बुधवारी सकाळी दुधात पाणी घालणारा गेणबा चावडीपुढच्या लिंबाला बांधलेला सापडला. डोक्यावर दुधाचा कॅन पालथा घातलेला, दोन्ही हात मोडलेले. सारजानं धावत येऊन नवऱ्याला सांगितलं.

बिरू चहा फुंकत म्हणाला, "असंल कुणाचं तरी काम. काल मालिकेत काय झालं गं? मी तर कारखान्यात ड्यूटीवर व्हतो."

दुपारी कारखान्याच्या कॉलनीतून तिचा भाऊ राम आला. गेणबाचं ऐकून तो उडालाच.

"आक्का, काल मालिकेत हेच दाखवलं की! असंच झाड, असाच कॅन."

"तू कुठं बघितलंस? लाईट न्हवती."

"आमची वीज कारखान्याची. उसाच्या हंगामात कवा जातीय ती? दाजी बी माझ्या शेजारीच बसलं व्हतं. मालिका संपली तसं सायकल काढून निघालं."

सारजानं दाराकडं बघत विचारलं, "आन पुढच्या मंगळवारी काय हाय?"

"त्याच्या बायकोला त्याचा संशय येतो. एवढंच दाखवलंय."

 

दारात सायकल लावत बिरूनं हसून विचारलं, "काय रामभाऊ, हिला कालची गोष्ट सांगितली व्हय?"