मास्कमधलं पाणी

बाईंनी तिसऱ्यांदा अंगठा वर केला.

पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर न्या’. प्रशिक्षकाने त्यांचा दंड धरला आणि चार मीटरवरून दोघं हळूहळू वर आली. पाठोपाठ नवं जोडपंही नाइलाजाने वर आलं. स्कूबाच्या या कोर्सला एवढी तिघंच होती.

“काय झालं, मॅडम?”

“नाकात पाणी गेलं,” बाई खोकत म्हणाल्या. “मास्क भरला की काही सुचतच नाही.”

“तो आपणच भरायचा. मग वरची कड दाबून धरायची आणि नाकाने जोरात फुंकायचं. पाणी खालून निघून जातं. बास!”

“कळतंय हो सगळं. नाक ऐकत नाही.”

नवी नवरी हसली, मग तिला ओशाळल्यासारखं झालं.

बोट सहा दिवस प्रवाळाजवळच नांगर टाकून असायची, कोर्स चार दिवसांचा होता; चौथ्या दिवशी पाण्यात उतरायचं नव्हतं, नुसते कागद पुरे करायचे होते. आज तिसरा दिवस. बाकीचं सगळं बाईंनी कसंबसं उरकलं होतं. पहिल्या दिवशी बोटीभोवती पोहायचं होतं, त्यात त्या सगळ्यांत शेवटी आल्या. नवरदेव शिडीला लोंबकळून धापा टाकत होता. बाईंनी केस पिळले आणि चहा कुठे मिळेल ते विचारलं. वर्ग जेवणाच्या टेबलावरच भरायचा. श्वास कधीही रोखायचा नाही, भराभर वर यायचं नाही, शेवटच्या बुडीनंतर चोवीस तास विमानात बसायचं नाही, असे नियम प्रशिक्षक घोकून घ्यायचा. बाई त्यात मधूनमधून पेंगायच्या.

फॉर्मवर व्यवसायासमोर त्यांनी ‘आईला सांभाळते’ असं लिहिलं होतं. अकरा वर्षं तेच चाललं होतं. आई अंथरुणाला खिळलेली. सकाळी पुसून घ्यायचं, भरवायचं, रात्री दोनदा उठून कूस बदलून द्यायची. या अकरा वर्षांत धाकटा भाऊ पहिल्यांदाच आईजवळ राहायला आला होता, तोही मोजून पाच दिवस. त्यानंतर त्याला ऑफिसच्या कामाला बाहेरगावी जायचं होतं. कोर्स संपेल त्या संध्याकाळचं बाईंचं तिकीट त्यानेच काढून हातात ठेवलं होतं.

बाई दमल्या होत्या. चार दिवसांच्या झोपेने भरून निघेल असा तो थकवा नव्हता. तरी बोटीवरच्या अरुंद बिछान्यात त्या अशा झोपायच्या की सकाळी गालावर उशीची शिवण उमटलेली असायची.

संध्याकाळी प्रशिक्षक त्यांच्या समोर येऊन बसला. तोही सहा आठवडे बिनसुट्टीचा राबत होता.

“मॅडम, एवढं एक सोडलं तर तुमचं सगळं झालंय. मी सही करून टाकतो. कोण विचारतंय?”

“मी विचारते ना.”

“अहो, पण...”

“जमल्याशिवाय पास झाल्याचं कार्ड नको. इतक्या वर्षांनी स्वतःसाठी एक गोष्ट मागतेय, ती तरी खरी असू दे.”

प्रशिक्षकाला स्वतःची लाज वाटली.

“उद्या सकाळी सहाला एक बुडी,” तो म्हणाला. “फक्त तुमच्यासाठी.”

सकाळी पाणी गार होतं. दोनदा बाई गडबडल्या, हात झाडले, वर बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी मास्क काठोकाठ भरला, कड दाबली, नाकाने फुंकलं आणि स्वच्छ काचेतून प्रशिक्षकाकडे बघितलं. त्याने पाण्यातच टाळ्या वाजवल्या.

वर आल्यावर त्याने मोठ्या उत्साहाने नोंदवही उघडली.

“विमान उद्याचं ना?”

“आजचं. संध्याकाळी सातचं.”

त्याचं पेन तिथेच थांबलं.

“आजचं? मॅडम, आत्ता बुडी मारलीत! उद्या सकाळपर्यंत विमानात बसता येणार नाही तुम्हाला.”

“अगं बाई! मला कुठे लक्षात राहतंय!”

“चूक माझी आहे. मीच विचारायला हवं होतं.” त्याचा चेहरा पार उतरला. “तुम्ही बोटीवरच राहा. खोली रिकामीच आहे.”

“तुमची कसली चूक,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना त्याच्यासाठी खरंच वाईट वाटलं.

वरच्या डेकवर एका कोपऱ्यात फोनला रेंज यायची. बाईंनी तिथे उभं राहून भावाला सगळं सांगितलं. नाकात पाणी जायचं, म्हणून आज पुन्हा उतरावं लागलं, आणि आता हे असं.

“ताई, असं कसं? उद्या मला निघायचंय!”

“रक्तात बुडबुडे होतात म्हणे. माणूस जातोसुद्धा.”

“मग नको येऊस बाई. पण मी एकटा काय करू? काल आईची कूस बदलताना माझी कंबर धरली.”

“धरते,” बाई म्हणाल्या.

“ऑफिसला काय सांगू?”

“आई आजारी आहे म्हणून सांग.”

मग तो वैतागून म्हणाला, “थांब, आईने सगळं ऐकलंय, तिलाच बोलायचंय. तिच्या कानाशी ठेवतो. गॅसवर दूध आहे.”

आईचा आवाज बारीक होता, पण खणखणीत.

“नाकात पाणी गेलं म्हणे तुझ्या?”

“हो ना, आई.”

“वीस वर्षं पोहण्याच्या तलावावर पोरांना बुड्या मारायला शिकवलंस. माझ्यापायी ते सोडलंस. आणि आता तुझ्याच नाकात पाणी?”

बाईंनी कठड्यावरून वाकून बघितलं. खाली नवं जोडपं मास्क धूत होतं.

“तो स्वयंपाकघरात गेलाय,” आई आणखी हळू म्हणाली. “तुला रात्री दोनदा उठवायचे, त्याला चारदा उठवते. आत्ता कुठे हाताला वळण लागतंय त्याच्या. उद्याही एक बुडी मार.”