गणू वर पोचला

पूजाने मेसेज परत वाचला आणि मोबाइल पर्समध्ये आदळला. तीनच शब्द. 'गणू वर पोचला.' धाकट्या भावाने, साईनाथने पाठवलेले. मेला शाळेत मास्तर झाला, आणि बापाचं नाव असं टाकतो, जसा काय शेजारचा बैल. सहा वर्षांनी माहेरचा पहिला मेसेज, आणि त्याची ही तऱ्हा.

"फोन लाव ना त्याला," बाइक चालवता चालवता संदेश बोलला. मुरबाड कधीच मागे पडलं होतं.

"लावला. रेंज नाय."

सहा वर्षांपूर्वी जातीबाहेरच्या संदेशशी लग्न लावून ती शेणव्याला पाया पडायला गेली होती. गणूने दोघांना अंगणातच थांबवलं. ओट्यावरून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलला, "मी वर जाईस्तोवर या घरात पाय टाकायचा नाय." म्हातारा शब्दाचा पक्का, असं लोक कौतुकाने सांगायचे. पूजाला त्या कौतुकाची शिसारी होती. तिला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, पण याने नातीचं तोंड पाहिलं नाही. आई तेवढी बाजाराचं निमित्त काढून मुरबाडला यायची, चोरासारखी भेटून जायची. आणि हा घरात बसून कणगीतल्या भाताच्या बियाण्याला जपायचा. पोटच्या पोरीपेक्षा ते बियाणं प्यारं.

"आज टाकते पाय," ती म्हणाली. "बघते आता कोण अडवतो."

"असं नको बोलू गो. बाप होता."

"तुला अंगणातून हाकलला ते विसरलास? मी नाय विसरले. रडणार नाय मी. सगळं त्याच्या तोंडावर बोलणार. ऐको नायतर न ऐको."

किन्हवलीत शिरता शिरता फोन वाजला. साईनाथच होता. संदेशने बाइक चहाच्या टपरीशी लावली.

"ताई, निघालीस ना?"

"निघाले. किती वेळ लागला रे?"

"दोन दिवस लागले. आमच्या कोणाच्या डोळ्याला डोळा नाय."

"दोन दिवस? आणि मला आज कळवतोस?"

"पोचल्याशिवाय कळवायचं नाय, अशी ताकीद होती. मधेच काय—"

"कोणाची ताकीद?"

"आता कोणाची असणार गो?" साईनाथ म्हणाला, आणि रेंज गेली.

पूजा तशीच उभी राहिली. दोन दिवस घरघर लागलेली, तासाभराच्या अंतरावर सख्खी मुलगी, आणि मरणाऱ्याने ताकीद द्यावी की तिला कळवू नका. असला कसला बाप. चहा तिने नको म्हणून सांगितलं.

टपरीतल्या टीव्हीवर एक यान वरच्या अंतराळ स्थानकाला जोडलं गेल्याचं परत परत दाखवत होते. चार माणसं माना वर करून बघत होती.

"वर चढायला दहा मिनिटं पण नाय लागली," चहावाला म्हणाला. "मग स्टेशन गाठायला दोन दिवस कशाला?"

"स्टेशन थांबतंय कुठं?" संदेशला या गोष्टींचा भारी नाद. "ते फिरतच असतं. मग यानाने पण पृथ्वीला फेऱ्या मारायच्या, हळूहळू त्याला गाठायचं. टायमिंग जुळलं तर चार तासांत पण होतं."

"माणसं आहेत आत?"

"नाय. सामान आहे. पाणी, खाणं, शाळेतल्या पोरांचे कसले कसले प्रयोग."

दोन दिवस म्हटल्यापासूनच पूजाच्या डोक्यात तिडीक गेली होती. "फेऱ्या कसल्या सांगतोस? मुरबाड ते शेणवा तासाचा रस्ता. सहा वर्षांत आमच्या बापाला नाय कापता आला."

"तू तरी कधी वळलीस इकडं?" संदेश हळूच म्हणाला.

ती बाइकपाशी जाऊन उभी राहिली. संदेशने शेणव्याकडे बाइक काढली.

घरासमोर गर्दी होती. पण बांबू दिसेना, रडणं ऐकू येईना. शाळेची पोरं ओट्यावर बसली होती आणि एकजण चक्क पेढा खात होता. म्हातारा गेला आणि यांना पेढे सुचतात. पूजा तरातरा अंगणात आली.

तेवढ्यात आई बाहेर आली. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, आणि कपाळावर हे एवढं कुंकू. अजून पुसलं कसं नाही हिने? आईने दोघांवरून तुकडा ओवाळून टाकला. पूजाच्या डोळ्यांना पाणी लावलं, मग संदेशच्याही.

तिच्यामागे, उंबऱ्यात, पांढराशुभ्र सदरा घालून गणू उभा होता.

पूजाला वाटभर घोकलेलं एकही वाक्य आठवेना. "बाबा," ती कशीबशी म्हणाली, "तो मेसेज..."

"मीच धाडायला लावला." गणू तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर अंगणात थांबलेल्या संदेशच्या पायांवर होती. "साईनाथच्या शाळेनं आपलं भाताचं बियाणं त्या यानातून पाठवलं. पाकिटावर नाव काय घालायचं, पोरांनी विचारलं. मी बोललो, माझंच घाला."

तो उंबऱ्यातून बाजूला झाला.

"मी वर जाईस्तोवर पाय टाकायचा नाय बोललो होतो ना? पोचला गणू वर. जावयाला घेऊन आत ये."