कानात सांगितलेली वाढ

पेढीतून बाहेर पडताना बनुबाईच्या कानात अण्णांचेच शब्द होते. आजपासून रोजाला चार आणे जास्त, फक्त तुला. कुणाजवळ बोलू नको.

आदगोंडा अण्णा हळदीचे जुने व्यापारी. सांगलीच्या पेठेत हळदीचा भाव ठरायचा तो रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून. तिसऱ्याला पत्ता लागायचा नाही. गोदामात हळद निवडणाऱ्या बायकांचा रोजही अण्णांनी त्याच चालीनं वाढवायला घेतला. हळकुंड मोडून आतला रंग सांगणारा हा माणूस, पण बनुबाईच्या पोटात काही राहत नाही, एवढं त्याला कळलं नव्हतं.

ते रॉकेलच्या रांगांचं साल. चार आणे बनुबाईला हवे होते, अगदी हवे होते. तिनं गुपचूप सूप पुढ्यात ओढलं. शेजारी राहीबाई, तिच्याही आधीपासूनची, जुन्याच रोजावर मुकाट निवडत होती. तिच्याकडे बघवेना. दोन सुपं कशीबशी झाली आणि बनुबाई उठून तीस बायकांच्या मधोमध उभी राहिली.

"मला चार आणं वाढ झाली. आनि कुनाकुनाला झाली?"

चंद्राबाईनं तोंडाला पदर लावला. सकाळी तिलाही अशीच वाढ कानात मिळाली, तेव्हा तिनं अण्णांचे पाय धरून डोळे पुसले होते. मनुबाई मात्र फणकारली. तिलाही दिली होती, आणि चारच आणे म्हणून ती पेढीवर कुरकुरलीही होती. पण घ्यायचे ते घेऊन गप्प बसली होती. उरलेल्या सत्तावीसजणी एकमेकींकडे बघू लागल्या.

गलका ऐकून अण्णा दारात आले. आवाज न चढवता म्हणाले, "बनुबाई, तोंड सांभाळता येत न्हाई तर तुझी वाढ रद्द."

आज वाढ गेली, उद्या कामही जाईल, हे बनुबाईला दिसत होतं. तरी ती जागची हलली नाही.

"घ्या की माघारी, अण्णा. पर देताना कानात सांगितलंसा, घेताना समद्यांम्होरं सांगा. मला का दिली, ह्या राहीबाईला का न्हाई, आनि आता का काढून घेतासा, समदं सांगा."

अण्णांनी घसा खाकरला. आधी राहीबाईनं, मग एकेक करत साऱ्याजणींनी सुपं खाली ठेवली आणि त्या ऐकायला बसल्या.