हाकेला ओ

पलंगाखाली झाडू घातला तशी एक लाल रिबीन बाहेर आली, आणि आईच्या तोंडून नाव निसटलं.

"भिंगरे..."

अगदी हळू. स्वतःच्याही कानी पडू नये इतकं हळू. पण स्वयंपाकघरात पिठाच्या रिकाम्या पोत्यावर झोपलेलं पिल्लू ताडकन उठलं. फरशीवर घसरत, धडपडत आलं आणि तिच्या पायाशी बसून शेपूट हलवत तोंडाकडे बघत राहिलं. बोल, कशाला बोलावलंस?

आईच्या हातातला झाडू गळून पडला.

हे पिल्लू कुणाच्याच हाकेला ओ देत नव्हतं. थोरली लेक सुट्टीत दोन दिवस आली, ती टोपलीत हिला घेऊनच. "घरात काहीतरी हलतं-बोलतं असू दे गं आई," म्हणाली आणि आपल्या घरी निघून गेली. नाव ठेवलं राणी. राणी म्हणून बोलवा, चुचकारा, ताटली वाजवा. राणी आपली कान खाजवत बसायची. शेजारीण म्हणाली, "बरोबरच आहे की. राण्या कुठं हाकेला येतात? त्यांना निरोप धाडावा लागतो." शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मागून टाळी वाजवून पाहिली. म्हणाले, "कान तिखट आहेत हिचे. ऐकते सगळं."

मग आज या नावाला कशी आली?

भिंगरी म्हणजे धाकटी. नऊ वर्षांची. एका जागी पाय ठरायचा नाही, म्हणून भिंगरी. दोन वर्षांपूर्वी तळ्यावर खेळायला गेली ती गेलीच. बाबांनी काठावर उभं राहून दिवस मावळेपर्यंत हाका मारल्या. घसा फाटला. तेव्हापासून आवाज घोगरा झाला तो झालाच. दुसऱ्या दिवशी पाण्यानं पोर परत दिली, पण कशी दिली ते बोलू नये. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "या घरात ते नाव पुन्हा कुणी घ्यायचं नाही." कुणी घेतलं नाही. पोरीच्या खोलीला कडी लागली ती लागली.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. सकाळी नऊला जायची, दिवसभर चादरींच्या घड्या घालून सहाला यायची. बाबा बेकरीत भट्टीवर. पहाटे जायचे, अकराला परतायचे आणि दुपारभर झोपायचे. पिल्लाचं दूध, पिल्लाची शी-शू, कुरतडलेल्या चपला, सगळं आईनं आपल्या अंगावर घेतलं होतं. कुरकुर करत घेतलं होतं, पण घेतलं होतं.

त्या दिवसानंतर ती घराकडे डोळ्यांत तेल घालून बघू लागली. एका संध्याकाळी खोलीची कडी निघालेली दिसली. दुसऱ्या दिवशी भिंगरीचा रबरी चेंडू खोलीच्या मधोमध पडलेला. तिनं उचलला. ओला होता. पिल्लू उंबऱ्यावर बसून आत बघत होतं, शेपूट हलवत होतं. आत कुणी नव्हतं.

आपली पोर दुपारची येते. खेळते. आणि आपण तिकडे परक्यांच्या चादरी झटकतो. तिला भीती वाटली, पण भीतीपेक्षा हेवा जास्त वाटला. नऊ महिने पोटात मी वाढवली, आणि दिसते ती या कुत्रीला!

रात्रीच्या जेवणाला तिनं विषय काढला. "अहो, दुपारी घरात काही जाणवतं का तुम्हाला?"

"मला काय जाणवणार? मी मेल्यासारखा झोपतो." बाबा पिल्लासाठी दुधात पाव कुस्करत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"ही कुत्री नको मला. थोरलीला सांगते, घेऊन जा म्हणून."

बाबांची बोटं दुधात तशीच थांबली. "बरं," ते म्हणाले.

रविवारी थोरली आली. "हौसेनं आणली होती गं," म्हणत तिनं पिल्लू टोपलीत घातलं. दारात शेजारीण उभी होती. बाबा ओट्याच्या कोपऱ्यात पाठ करून उभे होते. थोरलीनं रस्त्यावर पाऊल टाकलं आणि टोपलीचं झाकण उडालं. पिल्लू खाली पडलं, उठलं आणि वाट फुटेल तिकडे सुटलं. थेट मोठ्या रस्त्यावर. समोरून ट्रक भरधाव येत होता.

"राणी! राणी!" थोरली किंचाळली. आई ओरडली. शेजारणीला काही सुचेना, तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पिल्लानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"भिंगरे! मागं फिर!"

घोगरा, फाटका आवाज. पिल्लू जागच्या जागी वळलं. ट्रक धुरळा उडवत त्याच्या मागून निघून गेला. धुरळ्यातून पिल्लू धावत आलं. थोरलीला ओलांडलं, आईला ओलांडलं, ओट्यावर चढलं. बाबा मटकन खाली बसले. पिल्लू त्यांच्या मांडीवर चढलं आणि रोजच्या सवयीनं सदऱ्याच्या खिशात तोंड घालून टोस्टचा तुकडा काढून खाऊ लागलं.

आई त्या खिशाकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे.

"दुपारी," ती म्हणाली. "दुपारी तुम्ही..."

बाबांनी पिल्लू छातीशी धरलं.

"अगं, मी हाक मारतो," ते म्हणाले, "आणि ही येते."