सातवी मुलाखत

“स्वतःबद्दल सांगा,” बाई म्हणाल्या.

त्यानं घसा खाकरला. नुकतंच कॉलेज संपवलेल्या या पोराची बाईंसमोर बसायची ही सातवी खेप. आधीच्या सहाही वेळा बाईंनी नन्नाचा पाढा वाचला होता. बरं, त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीची खूणही नाही. तीस वर्षं माणसं पारखण्यात गेलेली. कोणाकोणाला ध्यानात ठेवणार?

दुसऱ्या खेपेला तो भावनेच्या भरात भलताच एक शब्द बोलून बसला होता आणि बाईंनी त्याला सरळ दार दाखवलं होतं. तेव्हापासून तो तोलूनमापून बोलायचा.

त्यानं अर्ज पुढे सरकवला. बाईंनी चष्मा नाकाच्या टोकावर घेतला आणि पेन्सिलीनं काटाकाट सुरू केली.

“‘मेहनती’, ‘प्रामाणिक’... हे काय, सगळेच लिहितात. केलंत काय, ते लिहा. सुट्टीत कुठे काम केलं?”

“औषधांच्या दुकानात, दोन महिने. मुदत संपत आलेला माल पुढे मांडायची पद्धत लावून दिली.”

“मग हे वर घ्या की! सोनं तळाशी आणि खडे वर. अर्ज पाठवल्यावर आठ दिवसांनी स्वतः फोन करता?”

“करतो.”

“पन्नास ठिकाणी एकच अर्ज धाडता, की ठिकाण बघून बदलता?”

“बदलतो. घरी तसंच शिकवलंय.”

बाईंना उत्तर आवडलेलं दिसलं. दोन पानं जोडायला त्यांनी स्टेपलर दाबला. त्यात पिना नव्हत्या. त्यानं पानांचे कोपरे दुमडून एकात एक अडकवले.

“घरी कोण कोण?”

हा प्रश्न दर वेळी यायचा.

“बाबा आणि मोठी बहीण.”

“आई?”

“आई नोकरी करायची. याच कामात. आता... तब्येत बरी नसते.”

“तिला वेळ देत जा,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “नोकऱ्या काय, छप्पन मिळतील.”

त्याला हुंदका आला, तो त्यानं खोकल्यात लपवला. नोकरी तर त्याला मिळालीच होती, दुसरीकडे, खूप लांब. सोमवारी रुजू व्हायचं होतं. पण जायच्या आधी या बाईंनी एकदा तरी आपल्याला पसंत करावं, एवढीच त्याची इच्छा होती. बाकी जगानं पसंत केलं काय नि न केलं काय!

“शेवटचा प्रश्न. आम्ही तुम्हालाच का घ्यावं?”

सहा वेळा त्यानं पाठ केलेलं उत्तर दिलं होतं. आज ते आठवेना.

“कारण मी परत येईन,” तो म्हणाला. “तुम्ही नाही म्हणालात, तरी येईन.”

बाईंनी अर्ज पुन्हा जवळ ओढला. मग पेन्सिल उचलून त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘घ्यावा’. खाली सही केली आणि उठून हात पुढे केला.

“अभिनंदन. घरी आधी आईला सांगा.”

“हो, बाई.” त्यानं तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

बाहेर बाकावर त्याची बहीण वाट बघत होती. त्याच्या हातातला कागद बघून ती ताडकन उठली.

“घेतलं तुला?”

“घेतलं.”

तिनं बंद दाराकडे पाहिलं. “आणि ओळखलं का रे आईनं?”