मिटलेलं प्रवाळ

"मिटलं तर मेलं समजून फेकू नका. कात टाकतं ते. धीर धरा," दुकानदारानं दादाला बजावलं होतं. घरातलं मत्स्यालय नवं, दादा नवशिका, म्हणून त्यानं मुद्दाम चिवट प्रवाळ निवडून दिलं होतं.

ते मिटलं आणि दादानं घर डोक्यावर घेतलं. दिवे मंद, टीव्ही बंद. रोज पाण्याचा खारेपणा तपासून साहेब काचेला नाक लावून बसायचे. मी माहेरी आले, हातून भांडं पडलं, तर म्हणाला, "हळू गं! त्याला त्याचा वेळ देऊ या." एवढा धीर आमच्या दादात असेल, असं वाटलं नव्हतं.

शेवटी ते उमललं. सगळ्या नातेवाइकांना फोटो गेले.

त्याच संध्याकाळी तो मला म्हणाला, "बाबा गेल्यापासून आई तोंड उघडत नाही. माणसानं वाट तरी किती बघायची? सोमवारी वृद्धाश्रमात सोडतोय. तिला काय कळतंय आता!"

आई शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

आईला अंतर देणार नाही, असा मी बाबांना शब्द दिला होता. तिला माझ्या घरी न्यायचं म्हणून आत जाऊन तिची पिशवी भरली.



बाहेर आले, तर आई चपला घालून दारात उभी.